नुसती रिॲक्शन

काकी, काल तुझं तेरावं झालं. भाड्यानं आणलेली पातेली आबांनी आज सकाळीच परत नेऊन दिली. माझ्या पाठची सुली शाळेला गेली. आई परड्यात शेण्या थापतेय. तुझ्या अंथरुणाची जागा तिनं सारवून काढलीय, त्यामुळं तेवढीच जमीन वेगळ्या रंगाची दिसते. त्या जागेकडं पाठ करून मी लिहायला बसलोय. माझ्या डोक्यावर अजून केस आलेले नाहीत. सारखा हात तिकडं जातो.

आमच्या मराठीच्या सरांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी काहीतरी दे, असं दोनदा सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, सर, मला लिहिता येत नाही. ते म्हणाले, ज्याला सांगायचंय त्याला समोर बसव आणि लिही. तू समोर बसायचीस तेव्हा तुझ्या हातात सूप नाहीतर सुई असायची. मी वाचतोय असं दाखवायचो आणि मान वर न करता तू म्हणायचीस, "तम्मा, बराच येळ पान उलटलं न्हाईस." जतकडं तुमच्यात धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. पुतण्याला का म्हणायचीस, ते मी कधी विचारलं नाही.

तुझं नाव मी यात लिहिणार नाही. आमच्या गावाचंही नाही. रहिमतपूरच्या अलीकडं, एवढंच. तू असतीस तर एवढंही नको म्हणाली असतीस का, ते मला ठरवता येत नाही, म्हणून भीत भीत लिहितोय.

बारावीनंतर मी सांगलीला आलो तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेली नव्हती. काका जाऊन वर्ष झालं होतं. मिल बंद पडल्यावर तो कामासाठी बाहेरगावी राहिला आणि परत आला तो खोकतच आला. तू सांगलीजवळ माधवनगरला एका खोलीत एकटी राहायचीस आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायला जायचीस. आबांनी आपल्या लेकाला, म्हणजे मला, ट्रंकेसकट तुझ्या दारात उभं केलं आणि म्हणाले, "तुला सोबत झाली, ह्येला भाकरी झाली."

तू पदर सावरून म्हणालीस, "भाकरी व्हईल की. पर ह्येला विंग्रजी येतंय नव्हं? माझी कागदं तरी वाचून दील."

तुझी कागदं ती किती. विजेचं बिल, रेशनकार्ड, आणि वर्षातून एकदा जतहून येणारं भावाचं पत्र. पत्र मराठीत असायचं, शेवटी एक ओळ कानडीत असायची. तू कानडी तिसरीपर्यंत शिकलेली. ती ओळ मात्र तू मला वाचून दाखवायचीस आणि वर म्हणायचीस, "बग, तुला न येनारं बी मला येतंय."

हळूहळू गल्लीतली माणसंही कागद घेऊन यायला लागली. कोर्टाची नोटीस, औषधाच्या डबीतला चिठोरा, कुणाच्या पोराचा नोकरीचा कॉल. तू दारात उभी राहून सांगायचीस, "थांबा वाईच, आमचा तम्मा जेवतुया. वाचल मग." एवढा मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. त्या मानापायी एक खोड लागली, काकी. अडलं तरी मी थांबायचो नाही. जे कळायचं नाही त्याचाही काहीतरी अर्थ सांगून टाकायचो. माणसं समाधानानं जायची. चुकलं की बरोबर आलं, ते सांगायला कुणी परत येत नसे.

दुसऱ्या वर्षी तुला खोकला लागला, टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल व्हायला लागली तेव्हा तू घाबरून दोन दिवस कुणाला सांगितलंच नाहीस. ती त्या गोळ्यांमुळंच होते, हे दवाखान्यात कळलं तेव्हा केवढी हसलीस. पण महिने गेले तरी अंगावर मांस धरेना. मग डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं.

रिपोर्ट आणायला मी गेलो होतो. डॉक्टर उठून गेलेले. खिडकीतल्या माणसानं पाकीट दिलं आणि उद्या डॉक्टरांना दाखवून जा म्हणाला. उद्या माझी चाचणी परीक्षा होती. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. बसथांब्यावर उभं राहून मी ते उघडलं. वर तीन सुटी इंग्रजी अक्षरं होती, ती मला तपासणीचं नाव वाटली. भिंतींवर रंगवलेला 'एड्स' हा शब्द मी वाचलेला होता, पण ही अक्षरं ती नव्हती. खाली, शिक्का मारावा तसा एकच शब्द, ठळक. रिॲक्टिव्ह.

हा शब्द मी कधी वाचला नव्हता. पण रिॲक्शन आपल्याकडं कुणाला माहीत नाही? सुईची रिॲक्शन आली, गोळीची रिॲक्शन आली, अंगावर पित्त उठलं. सुली तीन वर्षांची असताना इंजेक्शननं तिचं तोंड सुजलं होतं, तेव्हा आख्खं गाव तोच शब्द बोलत होतं. बस यायच्या आत माझा अर्थ लावून झाला होता.

तू उंबऱ्यात बसली होतीस, शेजारच्या मालनमावशी तुझ्याजवळ.

"काय म्हंतोय कागद?"

"काही नाही, काकी. रिॲक्शन आहे. गोळ्यांची."

"नुसती रिॲक्शन?"

"नुसती."

मालनमावशी लगेच म्हणाल्या, "म्या म्हनत न्हवते? लाल गोळ्या लय उष्ण. सोड त्या. ताक पी."

तू माझ्याकडं पाहिलंस. सोडू का, असं तू विचारलं नाहीस, पण पाहणं तसंच होतं. आणि मी मान हलवली.

तीन आठवडे तू गोळ्या घेतल्या नाहीस. ते तीन आठवडे मला आठवतात ते फार वाईट नाहीत, हेच वाईट आहे. तू कामावर परत गेलीस. शेडमधल्या बायकांना सांगितलंस, नुसती रिॲक्शन हाय. ज्या तुझा खोकला ऐकून लांब सरकून बसायच्या, त्या पुन्हा तुझ्याजवळ येऊन डबा खाऊ लागल्या. मालनमावशींच्या घरी आपण दोघं शेंगोळे खायला गेलो. तू गाणं म्हणायला लागलीस, कानडी, तेच तेच.

मग एका सकाळी तुझ्या खोकल्यातून रक्त आलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या. मी म्हणालो, मी. ते मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गोळ्या पहिल्यापासून सुरू केल्या आणि तिथल्या समाजसेविका बाईंना बोलावलं. बाईंनी आधी तुला एकटीला आत नेलं. मी बाकावर बसून दारावरचा पडदा बघत होतो. बऱ्याच वेळानं तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "आता तू जा. बाईस्नी म्या सांगितलंया, ह्येला समदं सांगा."

त्या शब्दाचा अर्थ मला तिथं कळला. एचआयव्ही म्हणजे काय, तो कशानं होतो आणि कशानं होत नाही, तुला कुणाकडून आला असणार, सगळं. सांगताना बाईंनी काकाला एकदाही नाव ठेवलं नाही, हे मी कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, औषध टीबीवर आहे, यावर आपल्याला परवडेल असं नाही. पण नीट जेवण, टीबीच्या गोळ्या आणि माणसं, यांवर माणूस बरेच दिवस जगतो. माणसं हा शब्द त्या दोनदा म्हणाल्या.

मला माफ कर, असं आपल्या घरात कुणी कुणाला म्हणत नाही. ज्याचं चुकतं तो मुकाट्यानं जास्तीचं काम ओढतो. दुसऱ्या दिवसापासून नळ सुटला की मी पाणी भरायला लागलो. घागर भरली, बादल्या भरल्या, तांब्ये भरले, मालनमावशींची कढईसुद्धा मागून आणून भरली. चौथ्या दिवशी तू म्हणालीस, "तम्मा, मी जतची हाय. टँकरच्या पान्यावर वाढलेली, तांब्याभर पान्यात आंगूळ उरकती. एवढं पानी कुनाला भरतुयास?"

मी घागर उचलली.

तू म्हणालीस, "वाचलंस ते बरूबर वाचलंस. अर्थ त्या कागदालाच ठावं हुता. आन ते तीन आठवडं लय बरं गेलं बग. मला नुसती रिॲक्शन झाल्ती." आणि हसलीस. मग खोकलीस. मी घागर तिथंच ठेवून बाहेर गेलो. तेव्हा तुझ्यासमोर रडलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्यानंतर तू तो शब्द सोडलाच नाहीस. वजन का घटलं? रिॲक्शन. अंगावर फोड का उठले? रिॲक्शन. बाईंनी तुला सांगितलं होतं की कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे तुझ्या हातात आहे. तू त्यातून आपला नियम केलास. मला म्हणालीस, "खोटं बोलू नगं. आन खरं सांगू बी नगं." दोन्ही कसं जमायचं, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "तुझाच शब्द हाय की. कागदावर बी तसंच ल्हिलंया." माझी चूक तू पांघरुणासारखी अंगावर घेतलीस, आणि मला त्याचं बरंही वाटलं, हे कबूल करतो.

मग कांड्या भरणं सुटलं. आबा येऊन तुला गावी घेऊन गेले. मी मालनमावशींकडं जेवायचो आणि शनिवारी पॅसेंजरनं घरी यायचो. मला वाटलं होतं, आता काकी माणसांत गेली. पण दर शनिवारी घरी काहीतरी बिनसलेलं दिसायचं. आई तोडून बोलायची. तू सोप्यात कोपऱ्यात तुझं ताट, तुझा तांब्या घेऊन वेगळी बसायचीस. चुलीकडं फिरकायची नाहीस. आई पीठ मळायला दे म्हणाली की तुझं ठरलेलं, "हाताला रिॲक्शन हाय, आक्का." सुली मांडीवर येऊन बसली की तिला उठवायचीस.

आईला काय माहीत? तिला वाटलं, माधवनगरात राहून आलेली जाऊ आता आमच्या चुलीला बाटते. एकदा तुला ऐकू जाईल असं म्हणाली, "राणीसायबास्नी येगळं ताट, येगळा तांब्या. आमच्या हाताला शेन लागलेलं असतंय की." तू ऐकलंस आणि ताट धुवायला घेऊन गेलीस.

मी तुला परड्यात गाठलं. म्हणालो, "काकी, बाईंनी सांगितलंय ना? एकत्र जेवून होत नाही. हात लागून होत नाही. मग तू असं का करतेस?"

"तुला ठावं, मला ठावं. आक्कास्नी ठावं हाय का?"

"मग सांगूया."

"नगं."

"मग न सांगता बस की चुलीपाशी. कुणाला काही होणार नाही."

तू बराच वेळ त्या ताटावर राख घासत राहिलीस. मग म्हणालीस, "उद्या त्यास्नी कळलं तर म्हंतील, इचारलं न्हाईस, सांगितलं न्हाईस, माझ्या लेकरास्नी तुझ्या हातचं घातलंस. तवा म्या काय त्वांड दाखवू? मला चुलीपाशी बसायचंय, तम्मा. जीव तुटतोय माझा. पर चोरून न्हाई."

माझ्या त्या चुकीच्या शब्दानं तुला माणसांत ठेवलं, असं मी समजत होतो. आमच्या घरात त्याच शब्दानं तुला कोपऱ्यात बसवलं. सांगायची सोय नाही आणि न सांगता शिवायचं नाही.

पुढच्या शनिवारी तू झोपलेली असताना मी आईला गोठ्यात सगळं सांगितलं. तुला विचारलं नाही.

आई म्हशीच्या अंगावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आन तू येवढं वर्सभर तिच्यासंगं जेवतुयास?"

"हो."

"एका ताटात?"

"कधी कधी."

ती घरात गेली. दुसऱ्या दिवशी सुलीला तिनं मामाकडं पाठवलं. मी मनात म्हणालो, संपलं. पण सोमवारी मी निघायच्या आधी ती माझ्या वहीकडं बोट करून म्हणाली, "ल्ही." आणि सांगत गेली. मी मागच्या पानावर लिहीत गेलो. तिनं मळलेल्या पिठाची भाकरी? हाताला चिरलेलं असलं तर? तिचं अंथरूण धुतलं तर? डास? एकाच बाजल्यावर सुली झोपली तर? डोक्यातल्या उवा? मला निम्म्यांची उत्तरं येत होती. मी तोंड उघडलं की ती म्हणायची, "तू न्हाई. बाईस्नी इचार." शेवटी वही मिटत होतो तेव्हा म्हणाली, "आजून एक. ती रडली, आन तिच्या डोळ्याचं पानी माझ्या हाताला लागलं तर?"

बाईंनी एकेक उत्तर मला लिहायला लावलं. पिठाला चालतं. हाताला चिरलं असेल तर पट्टी बांधायची, भरेपर्यंत मळायचं नाही. अंथरुणाला रक्त लागलं असेल तर उघड्या हातानं धरायचं नाही. डास नाही, उवा नाही. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी विचारलं, हे कोण विचारतंय? मी म्हणालो, आई. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, चालतं. डोळ्यांचं पाणी चालतं."

मी मधल्याच दिवशी पॅसेंजर धरून आलो आणि आईला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग ती आत गेली, फणी आणि तेलाची बाटली घेऊन आली, आणि तुला हाताला धरून अंगणात उन्हात बसवलं. तू म्हणालीस, "आक्का, माझ्या हाताला—" आई म्हणाली, "हाताचं न्हाई, डोस्क्याचं हाय. बस गप." येणारे जाणारे बघत होते. आई तुझी जट सोडवत होती. तू मान खाली घालून बसली होतीस. मी खांबाआडून पाहत होतो आणि मला वाटलं, मी आयुष्यात एक तरी गोष्ट नीट केली.

तसं नव्हतं, हे तुझ्या डोळ्यांत दिसलं. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मी निघताना म्हणालीस, "झालं का वाचून? आजून कुनाला वाचून दावायचं हाय का मला?"

मी म्हणालो, "आईनं तुला जवळ घेतलं ना?"

"घेटलं. पर ते माझं सांगनं हुतं, तम्मा. म्या सांगितलं असतं, दोन म्हैन्यानं सांगितलं असतं, न्हाईतर मरताना सांगितलं असतं. तू का सांगितलंस?"

"दोन महिने तू उपाशी बसल्यासारखी बसली असतीस."

"बसले असते. माझ्या पायानं चुलीपातूर गेले असते."

एवढ्यावर राहिलं. गाडीची वेळ झाली होती. त्यानंतर मी अनेकदा तो विषय काढायचा प्रयत्न केला, तू दर वेळी म्हणायचीस, "जेवलास का?" मी चुकलो की नाही, हे तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. एक मात्र सांगतो. पुढच्या शनिवारी मी आलो तेव्हा आई आणि तू चुलीपाशी भांडत होतात.

"येवढी पातळ? भाकरी हाय का कागूद?"

"जतला पीठ कमी आन पानी त्याच्याहून कमी, आक्का. आमच्यात अशीच असती. दोन खावा."

"दोन खाल्ल्या तर पीठ तेवढंच लागतंय की गं येडे."

सुली मामाकडून परत आली होती आणि तुझ्या पाठीला रेलून बसली होती. आबा, थोरले दीर म्हणून जे तुझ्याकडं पाहून कधी थेट बोलले नाहीत, ते भिंतीकडं बघून म्हणाले, "भाकरी बरी हाय." सात आठवडे तू आमच्या चुलीपाशी बसलीस. कमी आहेत, पण ते मोजताना मला रडू येत नाही. रडू येतं ते पाण्यानं भरलेली ती कढई आठवली की.

तू गेलीस तेव्हा मी पेपर लिहीत होतो. मंगळवारी दुपारी. मला संध्याकाळी कळलं. आई सांगते, तू सकाळी विचारलंस, आज त्याचा कसला पेपर. इंग्रजीचा, असं ती म्हणाली. तू म्हणालीस, "मग येतंय त्याला."

आता कालचं सांगतो. ते सांगण्यासाठीच मुळात लिहायला बसलो.

तुला शेवटची आंघोळ आईनं एकटीनं घातली होती. बाईंच्या सांगण्यावरून मी तिला हातमोजे आणून दिले होते, तेही तिनं वापरले. भावकीतल्या बायका पुढं आल्या तर तिनं त्यांना सोप्यातच थांबवलं. ते त्यांच्या मनात राहिलं होतं. काल पंगत बसली, वाढून झालं, आणि त्यातल्या एकीनं सगळ्यांदेखत विचारलं, "आमाला का हात लावू दिला न्हाईस गं? आमी काय परक्या? आन तिला झाल्तं तरी काय येवढं?"

आबा घाईनं म्हणाले, "रिॲक्शन. गोळ्यांची रिॲक्शन हुती."

आई आमटीचं पातेलं घेऊन उभी होती. ती आबांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाई. यच्चायवी हुता तिला." तिला ती अक्षरं नीट म्हणता येत नाहीत. "म्हनून तुमाला लांब ठेवलं, तुमी भ्याला असता म्हनून. पर मला ठावं हुतं. आन ठावं असून आमी दोन म्हैनं तिच्या हातची भाकरी खाल्लीया, ह्या माझ्या लेकीनं बी. शेजारी बसल्यानं न्हाई हुत त्यो. इचारून घेतलंया म्या समदं."

दोघीजणी पानावरून उठल्या. बाकीच्या अर्ध्या उठायच्या बेतात असताना आमची चुलत आजी, जिला आता धड दिसत नाही, ती म्हणाली, "बसा की गं. मेलेल्या मानसाच्या पानावरनं उठू ने. मला तर दातच न्हाईत, मला काय चावतंय तुमचं यच्चायवी. आमटी वाढ." एक हसली. मग बाकीच्या बसल्या.

आईनं हे तुला विचारून केलं नाही. मीही विचारून केलं नव्हतं. तू असतीस तर आम्हा दोघांना म्हणाली असतीस की ते माझं सांगणं होतं, आणि ते खरं असतं. पण आबांनी तो शब्द तुझ्या अंगावर पुन्हा टाकला तेव्हा मला वाटलं, आता तरी काढा तो. बरोबर काय, ते आपण भांडून ठरवलं असतं. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलत बसतो.

ऊन उतरल्यावर, पंगतीतून उठून गेलेल्या दोघींपैकी एक परड्याच्या वाटेनं आली. कोण ते लिहीत नाही. आई आणि मी भांडी घासत होतो. ती उभी राहिली, बसली नाही. जवळच्या नात्यातल्या एका पोरीचं सांगितलं. बाळंत होऊन महिना झालाय. नवऱ्याचा कागद आलाय, तसलाच. आता पोरीचाही येईल. मग तिनं मला विचारलं, "ती अंगावर पाजतीया. पाजू द्यायचं का तोडायचं?"

आई माझ्याकडं बघायला लागली. तीही बघायला लागली. काकी, दारात कागद घेऊन आलेली माणसं बघायची ना, तसंच. आणि मला उत्तर सुचलंही. डोळ्यांचं पाणी चालतं, पीठ चालतं, तर दूधही चालत असेल. तोंडापर्यंत आलं होतं.

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही."

"कालिजात हायस न्हवं तू?"

"आहे. पण हे मला ठाऊक नाही. बुधवारी बाई असतात. तुम्ही पोरीला घेऊन चला, मी तुमच्याबरोबर येतो. त्या सांगतील ते ऐकू. तोवर आपल्या मनानं काही करू नका."

आईनं हातातलं भांडं खाली ठेवून तिला पाट सरकवला. ती बसली. पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "सकाळची गाडी कितीला असती?"

ते मी सांगितलं. तेवढं मला ठाऊक होतं, काकी.